स्कूल डिस्ट्रिक्टनुसार बालगरिबीचा नकाशा करायचाय, नेमका कुठला आकडा धरू?

नदीकाठ

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमचा काही जणांचा ग्रुप दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी दप्तरं, वह्या, कॅल्क्युलेटर असं गोळा करून शाळांना देतो. आत्तापर्यंत ज्याची जिथे ओळख तिथे दिलं, त्यामुळे झालंय असं की चांगल्या खात्यापित्या गावातल्या शाळांनाच जास्त गेलं. यंदा मीटिंगमध्ये ठरलं की आकडे बघून द्यायचं, गरीब मुलं कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये जास्त आहेत त्याचा नकाशा करायचा. आणि मला क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) येतं हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे काम अर्थातच माझ्या गळ्यात.

सेन्सस ब्युरोची डिस्ट्रिक्टवार फाईल मिळाली, सीमांची फाईल पण मिळाली. पण शेजारची म्हणते की फ्री लंचचा, म्हणजे शाळेत फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांचा आकडा धर, तो खरा. दोन्ही लावून बघितले तर काही डिस्ट्रिक्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक येतोय. नेमकं काय धरू?

चौकोनी_भिंग

सेन्ससची म्हणजे सायपीच ना? स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स. तीच धर. दर वर्षी साधारण डिसेंबरात येते, देशातल्या १३ हजारांच्या वर डिस्ट्रिक्टांसाठी तीन आकडे असतात, एकूण लोकसंख्या, ५ ते १७ वयाची मुलं आणि त्यातली गरीब मुलं. टक्का तुलाच काढायचाय.

एक सांगून ठेवतो, एक्सेलमध्ये उघडलीस की डिस्ट्रिक्टच्या पाच आकडी कोडातली सुरुवातीची शून्यं उडतात. मग राज्याचा ३४ आणि तो कोड जोडून सात आकडी नंबर करायला गेलीस की काहींचा सहाच आकडी होतो, नकाशाशी जुळत नाही आणि ते डिस्ट्रिक्ट पांढरे राहतात. लोकांना वाटतं तिथे डेटाच नाही. कॉलम आधी टेक्स्ट कर, मग जोड.

लिंबोणी

भारतातून वाचतेय, बावळट प्रश्न असेल तर माफ करा. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं का? एका राज्यात असे किती असतात?

चौकोनी_भिंग

नाही नाही, ते शाळा चालवणारं वेगळंच सरकार असतं, स्वतःचं बोर्ड, बहुतेक ठिकाणी स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स. आणि किती हे राज्यावर आहे. हवाईत अख्ख्या राज्याचा एकच. फ्लोरिडात काउंटीला (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एक म्हणजे ६७. नेवाडात १७. आणि आमच्या न्यू जर्सीत, जे टेक्सासच्या तुलनेत रुमालाएवढं आहे, तिथे सहाशेच्या आसपास!

म्हणूनच दोन राज्यांचे नकाशे शेजारी ठेवून तुलना करायला जाऊ नये. फ्लोरिडाच्या एका डिस्ट्रिक्टमध्ये समुद्रकाठचे बंगले आणि आतल्या वस्त्या सगळं ढवळून एक सरासरी निघते, नकाशा फिकट दिसतो. न्यू जर्सीत तेच सगळं वीस तुकड्यांत कापलेलं असतं म्हणून एक तुकडा गडद आणि शेजारचा पांढराफटक. लोक तेवढेच गरीब असू शकतात, फक्त कात्री वेगळी चालवलीये.

उगाच_एक

म्हणजे नकाशा गरिबीचा नाहीच, कात्रीचा आहे.

पाऊणशे

उगाच_एक, गमतीत म्हणालात पण कोर्टात हेच भांडण झालेलं आहे. सॅन अँटोनिओचं प्रकरण बघा. एकाच शहरात एजवूड आणि अ‍ॅलमो हाइट्स असे दोन डिस्ट्रिक्ट. १९६७-६८ साली एजवूडमध्ये मुलामागे ३५६ डॉलर खर्च व्हायचे आणि अ‍ॅलमो हाइट्समध्ये ५९४. आणि गंमत (गंमत कसली) म्हणजे टॅक्सचा दर एजवूडचाच जास्त होता, १०० डॉलरला १.०५, तिकडे ०.८५. जास्त दराने कर भरून कमी पैसे, कारण घरांची किंमतच कमी. तिथल्या पालकांनी केस केली, डेमेट्रिओ रॉड्रिगेझ हे त्यातलं नाव. सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही, ही व्यवस्था चालू शकते. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या मिलिकन प्रकरणात पुन्हा ५-४, की वर्णभेद मिटवायला म्हणून उपनगरातले डिस्ट्रिक्ट शहराशी जोडता येणार नाहीत, त्यांनी स्वतः काही चूक केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय. डिस्ट्रिक्टची सीमा पक्की झाली ती अशी.

२०१६ मध्ये एडबिल्ड नावाच्या संस्थेने देशभरातल्या शेजारी-शेजारी डिस्ट्रिक्टांच्या गरिबीतला फरक मोजला होता, आणि पहिल्या नंबरावर कोण तर डेट्रॉइट आणि ग्रोस पॉइंट. संस्था २०२० मध्ये बंद झाली. तर नदीकाठ ताई, तुमच्या नकाशात रंगांइतकंच रेषांकडेही बघा.

नदीकाठ

बापरे, मला हे काहीच माहीत नव्हतं. पण काका, माझा प्रश्न राहिलाच, फ्री लंच का सायपी?

खडूफळा

मी न्यू जर्सीतच पब्लिक शाळेत शिकवते, लंचच्या आकड्याचं मी सांगते.

आधी दोन्हीची रेषा वेगळी आहे. सायपी सरकारी गरिबीरेषा धरतं, २०२२ साली आईबाप आणि दोन मुलं अशा घराला २९,६७८ डॉलर. लंचला गरिबीरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत फुकट आणि १८५ टक्क्यांपर्यंत सवलत, म्हणजे चौघांच्या घराला २०२३-२४ मध्ये ५५,५०० डॉलरपर्यंत. म्हणजे लंचमध्ये जास्त मुलं दिसणारच, त्यात खरंखोटं काही नाही, चाळणीची भोकं मोठी आहेत एवढंच.

दुसरं, आता पुष्कळ शाळांमध्ये फॉर्मच भरून घेत नाहीत. कम्युनिटी एलिजिबिलिटी म्हणून नियम आहे, २०१०च्या कायद्यातून आला आणि २०१४-१५ पासून देशभर लागू झाला, की शाळेतली ४० टक्के मुलं स्नॅप (सरकारी अन्नमदत) वगैरेमुळे आपोआप पात्र असतील तर सगळ्यांनाच जेवण फुकट. २०२३ मध्ये ती मर्यादा २५ टक्क्यांवर आणली. मुलांसाठी फार चांगलं झालं, रांगेत कुणी कुणाला काही विचारत नाही. पण आकड्याचा बट्ट्याबोळ. काही ठिकाणी अशा शाळेत १०० टक्के लिहितात, काही ठिकाणी आपोआप पात्र असलेल्यांना १.६ ने गुणतात, त्यामुळे शेजारच्या दोन शाळांचे आकडे एकाच पद्धतीचे असतील याची खात्री नाही.

आणि फॉर्म असतो तिथेही हायस्कूलची मुलं लाजेने घरी देतच नाहीत. हे दर वर्षी बघते. म्हणून हायस्कूलचा टक्का कमी दिसला की ते कमी गरीब आहेत असं कृपया समजू नका.

मीठभाकर

+१ खडूफळा. पण गरिबीरेषा पण काय धड आहे का हो? जर्सी सिटीत ३० हजारांत चार माणसं? तेवढ्यात भाडं तरी निघेल का. आणि तीच रेषा मिसिसिपीच्या खेड्यात पण.

पाऊणशे

मीठभाकर, बरोबर बोललात, ती रेषा देशभर एकच आहे, भाड्याचा हिशोब त्यात नाही. मॉली ओर्शान्स्की नावाच्या बाई सोशल सिक्युरिटीत होत्या, त्यांनी १९६३-६४ च्या सुमारास बसवलेली. शेती खात्याचा सगळ्यात स्वस्त जेवणाचा जो प्लॅन होता त्याच्या तिप्पट, कारण तेव्हाच्या पाहणीत कुटुंबांचा साधारण एक तृतीयांश पैसा खाण्यावर जायचा. १९६९ मध्ये ती सरकारने अधिकृत केली आणि तेव्हापासून महागाईप्रमाणे फुगवत आणली आहे. सांगाडा तोच. आज खाण्यापेक्षा घरावर कितीतरी जास्त जातो.

चौकोनी_भिंग

भाडं, टॅक्स क्रेडिट, स्नॅप सगळं धरणारं दुसरं माप आहे, सप्लिमेंटल पॉव्हर्टी मेजर. फरक किती पडतो बघा, मुलांची गरिबी त्या मापाने २०२१ मध्ये ५.२ टक्के होती आणि २०२२ मध्ये १२.४, कारण मधे वाढीव चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलांमागे मिळणारी करसवलत) संपलं. जुन्या अधिकृत मापात ही उडी दिसतच नाही, १५च्या आसपासच दोन्ही वर्षं, कारण ते माप क्रेडिट धरतच नाही! पण हे डिस्ट्रिक्टवार मिळत नाही, त्यामुळे नदीकाठ, तुझ्या कामाला नाही. सायपीच घ्यावं लागेल, फक्त खाली ठळक लिही की न्यू जर्सीसारख्या महाग राज्यात हा आकडा कमीच दाखवतो.

उगाच_एक

मला एक कळत नाही. ६०० डिस्ट्रिक्ट, त्यातले काही एवढेसे, दर वर्षी घरोघर जाऊन कोण मोजतं? हा आकडा येतो कुठून?

चौकोनी_भिंग

मोजत नाहीत, अंदाज बांधतात, नावातच एस्टिमेट्स आहे. आधी काउंटीचा आकडा काढतात. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, आयकराची रिटर्न्स, स्नॅप घेणाऱ्यांची संख्या, हे सगळं एका मॉडेलमध्ये घालून. मग तो काउंटीचा आकडा तिथल्या डिस्ट्रिक्टांमध्ये वाटतात, रिटर्न्सवरची मुलं कुठे राहतात आणि सर्व्हे काय सांगतो त्यावरून. काउंटीच्या आकड्याबरोबर किती इकडेतिकडे होऊ शकतो तो पट्टाही देतात, डिस्ट्रिक्टला देत नाहीत. आणि डिस्ट्रिक्ट जितका लहान तितकी चूक मोठी, यात काही शंका नको.

आता विचार कर, एखाद्या चिमुकल्या डिस्ट्रिक्टमध्ये ६० मुलं आणि अंदाज ९ गरीब, म्हणजे १५ टक्के. पुढच्या वर्षी ५ आले तर ८ टक्के. नकाशात तो गडदवरून फिकट झाला आणि कुणीतरी लिहिणार की तिथे गरिबी निम्मी झाली. काही झालेलं नसतं, मॉडेल हललं.

त्यामुळे नकाशात टक्क्याचा रंग एकटा ठेवू नकोस. रंग फिकट ठेव आणि वर गरीब मुलांच्या संख्येप्रमाणे लहानमोठे गोल टाक. दप्तरं संख्येला लागतात, टक्क्याला नाही. आणि रंगाचे गट करताना सॉफ्टवेअर जे आपोआप सुचवतं ते घेऊ नको, समान संख्येचे गट केले तर ११ आणि १२ टक्के वेगळ्या रंगात जातात आणि २५ ते ५० सगळे एकात. ५, १०, २०, ३० असे स्वतः टाक.

मीठभाकर

संख्या का टक्का हे सरकारला तरी कुठे कळलंय :)

चौकोनी_भिंग

हाहा, खरंय. टायटल वनचे पैसे, म्हणजे गरीब मुलांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकार डिस्ट्रिक्टांना देतं ती मदत, याच आकड्यावर वाटतात. १९६५ चा कायदा, जॉन्सनच्या काळातला, आता वर्षाला १८ अब्ज डॉलरच्या आसपास. त्यात एक नाही चार सूत्रं आहेत. बेसिकला १० मुलं आणि २ टक्क्यांच्या वर असलं की झालं, म्हणजे अगदी श्रीमंत डिस्ट्रिक्टही बसतो. कॉन्सन्ट्रेशनला ६,५०० मुलं किंवा १५ टक्के. आणि टार्गेटेडमध्ये संख्येने वजन दिलं तर किती आणि टक्क्याने दिलं तर किती, दोन्ही काढून जे जास्त ते. म्हणून मोठ्या डिस्ट्रिक्टांचं फावतं आणि खेड्यातला ४० टक्केवाला लहान डिस्ट्रिक्ट बोंबलत बसतो. ५० वर्षांत मिटलेलं नाही हे भांडण.

खडूफळा

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. तुम्ही सगळे जिथे मूल राहतं तो आकडा धरताय. सायपी डिस्ट्रिक्टच्या हद्दीत राहणारी मुलं मोजतं, मग ते पब्लिक शाळेत जावो, खासगीत जावो का घरी शिको. लेकवूड घ्या. तिथली बहुसंख्य मुलं खासगी धार्मिक शाळांत जातात, पब्लिक शाळेत त्यामानाने अगदी थोडी, आणि पब्लिकमधली मुलं पूर्णपणे वेगळ्या समाजातली. सायपीचा लेकवूडचा आकडा बघून पब्लिक शाळेत दप्तरं पाठवली तर ज्यांना मोजलं ते एक आणि ज्यांना मिळाली ते दुसरे. दोघेही गरजू असतील, पण नकाशा काय सांगत होता आणि आपण काय केलं याचा संबंध राहत नाही.

चार्टरचं पण तसंच, म्हणजे सरकारी पैशावर पण डिस्ट्रिक्टपासून स्वतंत्र चालणाऱ्या शाळा. कॅम्डेन, न्यूअर्कमध्ये खूप मुलं चार्टरमध्ये आहेत, चार्टरला स्वतःची हद्द नसते त्यामुळे नकाशावर ती शाळा नाहीच.

नदीकाठ

हं, हा विचार केला नव्हता. अजून एक अडचण, हंटरडन काउंटीत एकाच जागेवर दोन-दोन डिस्ट्रिक्ट येतायत, पॉलिगॉन एकमेकांवर. फाईल बिघडलीये का?

चौकोनी_भिंग

फाईल बरोबर आहे. तिकडे आठवीपर्यंतचे लहान डिस्ट्रिक्ट वेगळे आणि हायस्कूलचा एक रिजनल, उदाहरणार्थ हंटरडन सेंट्रल. मुलांची वाटणी इयत्तेप्रमाणे होते. दोन नकाशे कर, एकात युनिफाइड (बारावीपर्यंत सगळं एकत्र असलेले) आणि एलिमेंटरी, दुसऱ्यात युनिफाइड आणि सेकंडरी. एकत्र रंगवलंस तर वरचा थर खालच्याला झाकेल आणि कुठला दिसतो ते फाईलमधल्या क्रमावर ठरेल.

सुगरण_नाही

खूण म्हणून प्रतिसाद. आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये पण असंच करायचंय, सावकाश वाचते.

उगाच_एक

एवढं सगळं करण्यापेक्षा सगळ्यांना माहितीये ना कुठे द्यायचं, कॅम्डेन, पॅटरसन, ट्रेंटन, न्यूअर्क. अ‍ॅबट डिस्ट्रिक्टांची ३१ ची यादी आहे की, ती घ्या आणि मोकळे व्हा.

पाऊणशे

तीच तर चूक होईल! अ‍ॅबट विरुद्ध बर्क हे प्रकरण न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात १९८५ पासून चाललं, १९९० च्या निकालात कोर्टाने सांगितलं की गरीब शहरी डिस्ट्रिक्टांना श्रीमंत उपनगरांइतका मुलामागे खर्च मिळाला पाहिजे, १९९८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना प्रीस्कूलही. फार मोठं काम झालं, देशात दाखला देतात. पण यादी त्या काळची. त्यात होबोकेन आहे! आज होबोकेनमध्ये घर घ्यायला जाऊन बघा. म्हणून तर २००८ च्या कायद्यात राज्याने यादी बाजूला ठेवून मूल जिथे असेल तिथे पैसे असं सूत्र आणलं. दरम्यान गरीब कुटुंबं कुठे गेली? जुन्या उपनगरांमध्ये, अपार्टमेंट असलेल्या गावांत, जिथे आपली मंडळी म्हणतात की आमच्याकडे काय, सगळे इंजिनियरच.

मीठभाकर

काका एकदम बरोबर. आमच्याच गावात हायवेच्या पलीकडे दोन मोटेलं आहेत आणि तिथून शाळेची बस मुलं घेऊन येते. डिस्ट्रिक्टचा आकडा काढलात तर ४-५ टक्के. पांढरा रंग. नकाशात ती मुलं कुठे दिसणार.

खडूफळा

तेच सांगायला पुन्हा आले. मोटेलात राहणारी, नातेवाइकांच्या घरी दोन कुटुंबं कोंबून राहणारी मुलं, ही शाळेच्या कायद्याने बेघर धरली जातात, मॅकिनी-व्हेंटो कायदा, मूळ १९८७ चा. आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये या मुलांसाठी एक लिएझन, म्हणजे संपर्क अधिकारी, नेमलेला असावाच लागतो, डिस्ट्रिक्ट कितीही श्रीमंत असो. वेबसाईटवर नाव असतं. त्यांना फोन केला की ते मुलांची नावं सांगणार नाहीत (सांगूही नयेत) पण किती दप्तरं, कुठल्या इयत्तेची, एवढं पाच मिनिटांत सांगतात. आमच्याकडे ही मागणी ऑगस्टमध्येच येते असं नाही, जानेवारीतही येते, आणि तेव्हा देणारं कुणी नसतं.

नकाशा करा, पण तुमच्या मीटिंगमध्ये तो भिंतीवर लावून "हे गडद ते आपले" असं झालं तर पांढऱ्या गावातलं मूल गेलंच बाजूला.

चौकोनी_भिंग

पांढऱ्या गावांसाठी अजून एक गोष्ट वापरता येईल. एनसीईएस, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणाची आकडेवारी ठेवणारी संस्था, शाळेच्या आजूबाजूचा अंदाज देते, शाळेच्या जागेपासून सगळ्यात जवळच्या, मुलं असलेल्या २५ कुटुंबांचं उत्पन्न गरिबीरेषेच्या किती पट आहे तो. म्हणजे डिस्ट्रिक्टच्या आत कुठली शाळा वेगळी पडते ते दिसतं. अर्थात तीही शाळेभोवतालची कुटुंबं आहेत, मोटेलातून बसने येणारी नाहीत, पण सरासरीच्या खाली एक पायरी उतरता येतं. हे बिंदू म्हणून टाक, रंग नको.

उगाच_एक

मान्य, यादी मागे घेतो. फोन करायला मी आहे, सॉमरसेट आणि मिडलसेक्स माझ्याकडे द्या.

नदीकाठ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. सध्या असं ठरवतेय. सायपीचा टक्का फिकट रंगात, वर संख्येचे गोल, ५०० पेक्षा कमी मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टवर आडव्या रेघा म्हणजे तिथला टक्का कुणी मनावर घेणार नाही. सीमांची फाईल आकड्यांच्याच वर्षाची घेते. लेकवूडवर तळटीप. चार्टरची यादी वेगळी. आणि निम्मी दप्तरं गोलांप्रमाणे, निम्मी लिएझनच्या फोनवर ठेवू, त्यातली काही जानेवारीसाठी मागे. उगाच_एक, तुम्हाला काउंटीची नावं व्यनि करते.

खडूफळा, दप्तरांबद्दल काही खास सांगायचंय का, म्हणजे काय घ्यावं, काय नको?

खडूफळा

साधी, गडद रंगाची. सहावीच्या वरच्यांना कार्टूनवाली अजिबात नकोत. हेडफोन स्वस्तातले का होईना पण घाला, परीक्षा सगळ्या लॅपटॉपवर असतात. आणि दप्तरांवर तुमच्या ग्रुपचा लोगो छापू नका, वर्गात एकसारखी आठ दप्तरं दिसली की सगळ्यांना कळतं कुठून आली ते.

नदीकाठ

लोगोवरून मीटिंगमध्ये भांडण होणार :) खजिनदारांनी ऑर्डर दिली पण असेल. विचारते आजच.